अमेरिकेतील एनआरएच्या वार्षिक अधिवेशनाला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नॅशनल रायफल असोसिएशनचे, म्हणजे एनआरएचे, वार्षिक अधिवेशन जवळपासच्या शहरात जाहीर झाले की अमेरिकेतील मराठी मंडळींकडून साधारण तेच प्रश्न येऊ लागतात. बरेचसे प्रश्न बंदुकांबद्दल नसून व्हिसाबद्दल असतात, आणि ते योग्यच आहे, कारण दालनात शिरल्यावर आपल्या हातांनी काय करायचे हे व्हिसावरच ठरते. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. स्वतःच्या कागदपत्रांत काही गुंतागुंत असल्यास इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा.

१. हे अधिवेशन म्हणजे नेमके काय असते? दरवर्षी एकाच ठिकाणी भरते का?

एनआरएची स्थापना १८७१ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. अमेरिकी यादवी युद्धात सैनिकांची नेमबाजी फारच कच्ची असल्याचे पाहिलेल्या अधिकाऱ्यांनी ती सुधारण्यासाठी ही संस्था काढली. आज तिचे मुख्यालय व्हर्जिनियातील फेअरफॅक्स येथे आहे. वार्षिक अधिवेशनाचे शहर मात्र दरवर्षी बदलते. २०१८ मध्ये ते डॅलसला, २०१९ मध्ये इंडियानापोलिसला, २०२२ मध्ये ह्यूस्टनला, २०२३ मध्ये पुन्हा इंडियानापोलिसला, २०२४ मध्ये डॅलसला आणि २०२५ मध्ये अटलांटाला भरले. २०२० आणि २०२१ ची अधिवेशने करोनामुळे रद्द झाली.

वसंत ऋतूतील एका आठवड्याच्या शेवटी तीन-चार दिवस चालणाऱ्या या सोहळ्याला अलीकडच्या वर्षांत सत्तर हजारांहून अधिक लोक आल्याचे संस्था सांगते. त्याचे तीन भाग असतात आणि ते वेगळे ओळखलेले बरे: एकरांच्या हिशेबात मोजावे लागेल एवढे मोठे प्रदर्शन, सभासदांची सर्वसाधारण सभा आणि राजकीय भाषणांचा मेळावा. बहुतेक लोक प्रदर्शनासाठीच येतात. संस्थेचा इतिहास मात्र सर्वसाधारण सभेत घडला आहे. १९७७ साली सिनसिनाटीच्या सभेत सभासदांनी रात्रभर ठाण मांडून जुने नेतृत्व उलथवले. त्या नेतृत्वाचा मुख्यालय कोलोरॅडोला हलवून राजकारणापेक्षा मैदानी छंदांकडे वळण्याचा विचार होता. एनआरए आज जी राजकीय शक्ती म्हणून ओळखली जाते, तिची सुरुवात त्या रात्रीपासून मोजली जाते.

२. भारतातील नॅशनल रायफल असोसिएशन ही हिचीच शाखा आहे का?

नाही. भारतातील संस्था १९५१ साली स्वतंत्रपणे स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर तिचे संस्थापक अध्यक्ष होते. नेमबाजीची मावळणकर स्पर्धा त्यांच्याच नावाने होते. ती क्रीडा संघटना आहे आणि अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत यांच्यापासून पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळेपर्यंतचे नेमबाज तिच्या व्यवस्थेतून पुढे आले आहेत. अमेरिकेत ऑलिंपिक नेमबाजीचा कारभार यूएसए शूटिंग ही वेगळीच संस्था पाहते. त्यामुळे कोल्हापूर-पुण्याच्या रेंजवर दिसते तसे वातावरण एनआरएच्या दालनात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे भर असतो तो स्वसंरक्षणाची पिस्तुले, शिकारीच्या रायफली आणि त्यांच्याशी संबंधित सामानावर.

३. लास व्हेगासचा शॉट शो आणि गावोगावचे गन शो यांच्यापेक्षा हे वेगळे कसे?

जानेवारीत लास व्हेगासला भरणारा शॉट शो केवळ व्यापाऱ्यांसाठी असतो. त्याचे आयोजन बंदूक उद्योगाची संघटना करते आणि सामान्य माणसाला तिथे प्रवेश नसतो. गावोगावचे गन शो म्हणजे खरेदी-विक्रीचे बाजार. एनआरएचे प्रदर्शन या दोहोंच्या मधले म्हणता येईल: लोकांसाठी खुले, पण बंदुकांची विक्री नसलेले (प्रश्न १० पाहावा).

४. आत जाण्यासाठी सभासद असावे लागते का?

प्रदर्शन मुळात सभासदांसाठी असून त्यांना प्रवेश विनामूल्य असतो. सभासद नसलेल्यांना दारापाशीच सभासदत्व घेऊन आत जाता येते. नावनोंदणी आधी ऑनलाइन केल्यास शनिवारी सकाळची लांबलचक रांग टळते. राजकीय मेळावा, भोजन-समारंभ आणि काही कार्यशाळांची तिकिटे वेगळी असतात आणि ती लवकर संपतात. दर आणि अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या वर्षीच्या अधिकृत सूचनाच प्रमाण मानाव्यात.

५. मी एच-१बी व्हिसावर आहे. मी जाऊ शकतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. प्रदर्शन पाहायला जाणे म्हणजे बंदूक बाळगणे नव्हे, त्यामुळे जाण्याला कायद्याची आडकाठी नाही. अडचण पुढे आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार, नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी नसलेल्या, व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे ताब्यात ठेवणे हा गुन्हा आहे. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा), एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा), बी-२ (पर्यटकाचा) हे सारे व्हिसे यात येतात, आणि काम करण्याची परवानगी मिळालेल्या एच-४ धारकाची स्थितीही तीच आहे. याला काही अपवाद आहेत आणि त्यांपैकी उपयोगाचा अपवाद प्रश्न ७ मध्ये दिला आहे.

येथे 'ताबा' म्हणजे मालकी नव्हे, आणि आपल्या मंडळींची गल्लत नेमकी इथेच होते. मित्राची बंदूक रेंजवर तासभर वापरणे किंवा रेंजवरूनच भाड्याने घेऊन चार गोळ्या झाडणे, हाही ताबाच. 'ऑफिसातले सगळे गेले होते, रेंजवाल्याने काही विचारले नाही' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. रेंजवाल्याने विचारले नाही याचा अर्थ एवढाच की त्याने विचारले नाही. २०२२ पासून या गुन्ह्याची कमाल शिक्षा दहाऐवजी पंधरा वर्षे झाली आहे. शिवाय बंदुकीसंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते. ही दुसरी तलवार ग्रीन कार्डधारकांच्या डोक्यावरही असते.

याच कलमातील एक खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. विद्यार्थी व्हिसावर फ्लोरिडात आलेल्या एका तरुणाला विद्यापीठाने काढून टाकल्यामुळे त्याचे देशातील वास्तव्य बेकायदेशीर झाले होते, आणि तशा स्थितीत तो रेंजवर नेमबाजी करून आला. २०१९ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की आपण बंदूक बाळगण्यास अपात्र असलेल्या गटात मोडतो हे आरोपीला माहीत होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे. ही सूट वाचून हुरळून जाऊ नये. स्वतःच्या पासपोर्टवर एच-१बीचा शिक्का असलेल्या अभियंत्याला 'मी कोणत्या व्हिसावर आहे हे मला ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय फारशी उरत नाही.

६. पण दालनातील बंदुकांच्या फायरिंग पिन काढलेल्या असतात. त्या हातात घेऊन पाहायला काय हरकत आहे?

प्रदर्शनातील बंदुकांतून गोळी सुटू नये म्हणून फायरिंग पिन काढून ठेवण्याची पद्धत आहे, हे खरे. पण कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचा मुख्य सांगाडासुद्धा 'बंदूक'च ठरतो. एक पिन काढल्याने ती खेळणे होत नाही. विक्रेत्याच्या देखत दोन मिनिटे हातात घेतलेल्या वस्तूला 'ताबा' म्हणावे का, यावर वकील वाद घालू शकतील. तो वाद स्वतःच्या खर्चाने सोडवून घेण्यात शहाणपण नाही. आमचा सल्ला स्पष्ट आहे: नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल आणि अपवादात बसत नसाल, तर डोळ्यांनी पाहावे, प्रश्न विचारावेत आणि हात मागे ठेवावेत. बंदूक हातात धरलेले छायाचित्र तर मुळीच काढू नये, कारण तो तारीख-वेळेसह स्वतःच तयार केलेला पुरावा असतो.

७. शिकारीचा परवाना काढला की सगळे कायदेशीर होते, असे ऐकले. खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. अमेरिकेत कायदेशीरपणे मिळालेला शिकारीचा परवाना जवळ असलेल्या नॉन-इमिग्रंट व्यक्तीला प्रश्न ५ मधील बंदी लागू होत नाही. तो परवाना कोणत्याही राज्याचा चालतो. प्रत्यक्ष शिकार करण्याची सक्ती नाही, त्यामुळे शाकाहारी घरांतील मंडळींनीही तो काढलेला आढळतो.

अट एकच, आणि तीच विसरली जाते: परवाना चालू मुदतीचा असला पाहिजे. टेक्सासचा वार्षिक परवाना केव्हाही काढला तरी ३१ ऑगस्टला संपतो. एप्रिल-मेमधल्या अधिवेशनासाठी काढलेला परवाना सप्टेंबरात रेंजवर निरुपयोगी ठरतो, आणि बंदूक घरात असेल तर त्या दिवसापासून ती बेकायदेशीर ताब्यात येते. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीसाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची अटही आहे. इतर राज्यांचे नियम वेगळे आहेत. परवान्याचा कागद खिशात ठेवावा. फोनमधील छायाचित्रावर विसंबू नये.

हा अपवाद संघीय कायद्यातला आहे, हेही ध्यानात ठेवावे. एखाद्या राज्याचा कायदा त्याहून कडक असू शकतो.

८. व्हिसावर असताना हात लावता येईल असे तिथे काहीच नसते का?

असते, आणि ते पुष्कळ वेळा प्रदर्शनाचा सर्वांत रंजक भाग ठरते. संघीय कायद्यात १८९८ किंवा त्यापूर्वी बनवलेली बंदूक 'पुरातन' समजली जाते आणि ती बंदुकीच्या व्याख्येतूनच वगळलेली आहे. संग्राहकांच्या संस्था या अधिवेशनात आपापले जुने नमुने मांडतात. ठासणीच्या बंदुका, चकमकीच्या बंदुका, यादवी युद्धातील रायफली असे बरेच काही तिथे असते. मालकाने परवानगी दिली तर अशी पुरातन वस्तू हातात घेण्यास संघीय कायद्याची आडकाठी नाही. मात्र १८९८ नंतर बनलेली, केवळ जुनी दिसणारी बंदूक यात आपोआप बसत नाही. शंका आल्यास निर्मितीचे वर्ष विचारावे. हे संग्राहक एका खटक्याच्या इतिहासावर अर्धा तास बोलू शकतात, आणि ज्यांना भारतातील वस्तुसंग्रहालयांत तोड्याच्या बंदुका काचेआडूनच पाहायची सवय आहे त्यांनी ही संधी दवडू नये.

छऱ्याची बंदूकही संघीय व्याख्येबाहेर राहते, कारण ती दारूच्या स्फोटावर नव्हे तर हवेच्या किंवा वायूच्या दाबावर चालते. अधिवेशनात अनेक वर्षे छऱ्याच्या बंदुकीची रेंज लावली जात आली आहे. ती असेल, तर व्हिसाधारकांना नेम धरण्याची हौस तिथे भागवता येते.

९. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, ईएडी (काम करण्याच्या परवानगीचे कार्ड) हातात आहे. मी कोणत्या गटात?

कार्ड प्रत्यक्ष मिळेपर्यंत स्वतःला प्रश्न ५ मधील गटातच धरून चालावे. अर्जाच्या टप्प्यांनुसार कायदेशीर स्थिती बदलू शकते, पण तो निर्णय दालनाच्या दारात उभे राहून करण्याचा नाही. कार्ड मिळाल्यावर तुम्ही नागरिकांप्रमाणेच बंदूक बाळगू आणि विकत घेऊ शकता, अर्थात इतर कारणांनी अपात्र नसाल तर.

१०. आवडलेली बंदूक तिथेच विकत घेता येते का?

नाही. प्रदर्शनात बंदुका पाहण्यासाठी असतात. टोप्या, होल्स्टर, कानाचे संरक्षक, तिजोऱ्या अशा वस्तू मात्र विकत मिळतात. बंदूक घ्यायची ठरली तर ती परवानाधारक विक्रेत्यामार्फत घ्यावी लागते, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासणी होते. त्या फॉर्मवर व्हिसाविषयी थेट प्रश्न आहेत आणि खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा आहे. पिस्तूल दुसऱ्या राज्यात विकत घेतले तर ते तिथून हातात मिळत नाही. ते आपल्या राज्यातील परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवून त्याच्याकडून घ्यावे लागते. रायफली आणि शॉटगन यांच्या बाबतीत दोन्ही राज्यांचे नियम पाळून थोडी मोकळीक आहे.

११. लकी ड्रॉमध्ये बंदूक लागली तर?

बक्षिसाची बंदूकही परवानाधारक विक्रेत्यामार्फत, फॉर्म आणि तपासणीनंतरच मिळते. अपात्र असाल तर ती घेता येणार नाही, आणि ती पत्नीच्या किंवा मित्राच्या नावावर उचलण्याची युक्ती अधिकच घातक ठरते. सोडतीचे तिकीट घेण्याआधी पैसे नेमके कोणाकडे जातात तेही पाहावे. कारण राजकीय निधीला देणगी देण्याची मुभा फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच आहे, व्हिसाधारकांना नाही. एनआरएचा राजकीय निधी वेगळा असतो आणि त्याचे टेबल त्याच दालनात असू शकते.

१२. माझ्याकडे स्वतःचे परवानाप्राप्त पिस्तूल आहे. ते सोबत नेऊ का?

बंदूक जवळ बाळगून प्रदर्शनात येणे बऱ्याचदा स्थानिक कायद्याच्या चौकटीत मान्य असते. टेक्सासमध्ये २०२१ पासून, तर जॉर्जिया आणि इंडियानामध्ये २०२२ पासून पात्र व्यक्तीला वेगळ्या परवान्याविना पिस्तूल बाळगता येते. पण राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष किंवा माजी राष्ट्राध्यक्ष बोलणार असतील त्या सभागृहाचा ताबा सीक्रेट सर्व्हिसकडे जातो आणि तिथे बंदूक, चाकू काहीच नेता येत नाही. २०१८ मध्ये डॅलसला आणि २०२२ मध्ये ह्यूस्टनला असेच झाले. बंदूकप्रेमींच्या मेळाव्यात बंदूकबंदी, हा विरोधाभास दरवेळी वृत्तपत्रांना नव्याने सापडतो.

न्यू जर्सीतून गाडीने जाणाऱ्यांनी अधिक सावध राहावे. १९८६ च्या संघीय कायद्यानुसार, निघण्याच्या आणि पोचण्याच्या दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणे तुम्हाला कायदेशीर असेल, तर वाटेतल्या राज्यांतून ती रिकामी करून आणि हाताशी येणार नाही अशी डिकीत ठेवून नेता येते. हे संरक्षण प्रवासापुरते आहे, मुक्कामापुरते धरू नये. २००५ मध्ये विमान चुकल्यामुळे नेवार्कला हॉटेलात रात्र काढावी लागलेल्या एका प्रवाशाला दुसऱ्या सकाळी विमानतळावर पिस्तुलासाठी अटक झाली. नंतर त्याने भरलेल्या दाव्यात, २०१० साली, अपील न्यायालयाने या कायद्याचा आधार त्याला नाकारला.

विमानाने जाताना बंदूक रिकामी, टणक आणि कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानातच न्यावी आणि काउंटरवर तशी घोषणा करावी. काडतुसे त्यांच्यासाठीच्या डब्यात असावीत. हातातल्या बॅगेत एखादे विसरलेले काडतूसही नको.

१३. स्टॉलवर वागण्याचे काही संकेत आहेत का?

आहेत, आणि ते पाळणाऱ्या नवख्या माणसाला तिथे मनापासून मदत मिळते. विचारल्याशिवाय बंदूक उचलू नये. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असेच समजावे. नळीचे तोंड कधीही माणसाकडे वळवू नये, आणि गर्दीत हे वाटते तितके सोपे नसते. ती जमिनीकडे किंवा छताकडे, स्टॉलवाला सांगेल तशी धरावी. बोट चापावर ठेवू नये. चाप ओढून पाहायचा असेल तर आधी विचारावे. 'मला यातले काही कळत नाही' असे सांगून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. उलट, चित्रपटातल्यासारखे पिस्तूल रोखणाऱ्याकडेच सगळे कपाळाला आठ्या घालून पाहतात.

१४. मुलांना आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना नेता येईल का?

मुलांना मोठ्यांसोबत नेता येते आणि बाबागाड्या सर्रास दिसतात. आईवडील बी-२ वर असतील तर त्यांना प्रश्न ५ आणि ६ तंतोतंत लागू होतात. वयस्कर मंडळींना चालणे फार पडते, म्हणून आरामदायी बूट आणि पाण्याची बाटली हवीच. शाकाहारी खाणे दालनात जेमतेम मिळते. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारखी पंगत इथे कोणी मांडून ठेवलेली नसते.

१५. मला राजकारणात रस नाही. भाषणे टाळता येतात का? बाहेर निदर्शने असतात असे ऐकले.

भाषणे वेगळ्या सभागृहात आणि वेगळ्या तिकिटावर असतात, त्यामुळे टाळणे सहज शक्य आहे. राजकारण पूर्णपणे टाळता येईल असे मात्र नाही. २०१९ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्रव्यापार करारातून अमेरिकेची सही काढून घेत असल्याचे याच व्यासपीठावरून जाहीर केले होते. निदर्शनांची तीव्रता प्रसंगावर अवलंबून असते. १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेतील हत्याकांडानंतर दोन आठवड्यांच्या आत, त्याच परिसरातील डेन्व्हरला अधिवेशन भरले. ते एका दिवसावर आणले गेले आणि बाहेर हजारो निदर्शक जमले. २०२२ मध्ये टेक्सासमधील उवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यानंतर तिसऱ्याच दिवशी ह्यूस्टनचे अधिवेशन सुरू झाले, तेव्हाही समोरच्या उद्यानात निदर्शकांनी गर्दी केली होती. अशा वेळी रस्ता ओलांडताना कोणाशीही वाद घालू नये आणि घाईने पुढे जावे. निदर्शकांचे म्हणणे ऐकायचे असेल तर तेही सार्वजनिक उद्यानच आहे.

१६. सभासद झालो की मतदान करता येते का?

लगेच नाही. मताचा अधिकार आजीव सभासदांना आणि सलग पाच वर्षे वार्षिक सभासद राहिलेल्यांना असतो. संचालक मंडळातील ७६ पैकी ७५ जागांसाठी टपालाने मतदान चालत आले आहे. शहात्तरावा संचालक मात्र अधिवेशनाला प्रत्यक्ष हजर असलेले पात्र सभासद निवडतात.

१७. तिथे घेतलेल्या वस्तू भारतात नेता येतील का? एखादे काडतूस आठवण म्हणून?

काडतूस कदापि नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याविना एक काडतूस बाळगणेही गुन्हा आहे, आणि मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सामानात ते सापडले की थेट गुन्हा नोंदवला जातो. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात घटनापीठाने ताबा 'जाणीवपूर्वक' असावा लागतो असा खुलासा केला आणि त्याच्या आधारे उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत. पण आठवण म्हणून मुद्दाम आणलेले काडतूस जाणीवपूर्वकच आणलेले असते, त्यामुळे तो बचाव तुम्हाला उपलब्ध नाही. बंदुकीचे सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात. मॅगझिन, नळी किंवा चापाचा संच 'नुसता लोखंडाचा तुकडा' म्हणून आणू नये.

दुर्बिणींच्या बाबतीत अडचण अमेरिकेच्या बाजूनेही आहे. रायफलीवरच्या दुर्बिणी आणि विशेषतः रात्री पाहण्याची व उष्णतेवर चालणारी उपकरणे निर्यात-नियंत्रणाखाली येतात, आणि प्रवाशाने ती बॅगेत घालून नेणे हीसुद्धा निर्यातच. चाकू घ्यायचाच असेल तर पाते नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद नसावे आणि तो चेक-इन सामानातच ठेवावा. भारतातील स्पर्धात्मक नेमबाजांना बंदूक आयात करण्याची वेगळी वाट आहे, पण ती राष्ट्रीय संघटनेमार्फत आणि परवान्यानेच जाते. भाच्याला सरावासाठी अमेरिकेतून एखादी रायफल आणून देण्याचा विचार असेल, तर आधी त्याच्या रायफल क्लबला कळवून कागदपत्रे तिकडूनच सुरू करावीत.